बिराप्पाचे कान

"पादत्राण," डॉक्टर लेले वीस फुटांवरून कुजबुजले.

भिंतीकडे तोंड करून, डाव्या कानात बोट घालून उभा असलेला बिराप्पा घुटमळला. "पाजतरान?"

"चूक. दर्पण."

"तरपान."

मदतनीस नाथाजीने वहीत फुली मारली. दहा शब्दांत आठ फुल्या. डॉक्टरांनी शेरा सांगितला, बहिरा. सोमवारी एकदा फेरतपासणी, मग कागद पुढे जाणार.

सेहेचाळीस साल. लढाई संपून माणसे परतत होती, आणि साताऱ्याच्या या दवाखान्यात कान चांगले ठरले तरच जंगलखात्यात राखणदारी मिळत होती. बिराप्पा खेचरांच्या पलटणीतला, पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला धनगर. व्हरांड्यात मागून चप्पल वाजली की न वळता म्हणायचा, "नाथाजी, आलास व्हय?"

"सायेब, त्येला आयकू येतंय," नाथाजी म्हणाला. "शब्द ठाव न्हाईत."

"यादी पुण्याहून छापून आली आहे. तू ऑर्डर्ली आहेस, फुल्या मार."

नाथाजीने त्या आठवड्यात स्वतःची यादी केली. भाकर, कासरा, पाचट, चुलवाण. ती आधी दवाखान्यातल्याच हरिबाला कुजबुजून ऐकवली. हरिबा बिराप्पाच्याच मुलखातला, कानाने ठणठणीत. तोही दोनदा अडला.

"चुलवाण म्हंजी काय रं? तुजी यादी बी उसाच्या मळ्यातलीच की."

कऱ्हाडकडचा नाथाजी ओशाळला. पाचट, गुळाच्या भट्टीचे चुलवाण, असे गुऱ्हाळाचे सगळे शब्द त्याने खोडले. मग विट्याचा, मलकापूरचा, पूर्वेकडचा, जो रुग्ण येईल त्याला विचारत गेला. सगळ्यांना ओळखीचे असे दहाच शब्द उरले.

सोमवारी डॉक्टरांनी तो कागद चिमटीत धरला. "शिकवून आणलंयस त्याला."

"न्हाई सायेब. त्येनं बघितला बी न्हाई. कुटनं बी वाचा."

डॉक्टरांनी उलटसुलट वाचले, मुद्दाम आणखी हळू. बिराप्पाने भिंतीला नऊ शब्द बरोबर सांगितले. डॉक्टरांचा चेहरा उतरला नाही, ताठला. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत त्यांनी कागद फाडला.

"पहिलाच शेरा कायम. अंगठा घे त्याचा."

बिराप्पा वळला. हात पाठीमागे. "बहिरा म्हून अंगठा देनार न्हाई, सायेब. आत्ता तुमी मला रानटी म्हनला, त्ये बी आयकलं मी."

मग डॉक्टर म्हणाले, "नाथाजी, हात धर त्याचा."

नाथाजीने शाईच्या डबीचे झाकण लावले आणि डबी टेबलावर ठेवली.

कागद अंगठ्याविनाच गेला. बिराप्पाची नोकरी गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवसापासून नाथाजीला मागच्या अंगणात जखमांच्या पट्ट्या उकळायला धाडले. गावी निघण्याआधी बिराप्पा तिथे आला आणि चुलीपल्याड दगडावर टेकला. पातेले खदखदत होते. दोघे हलक्या आवाजात मेंढरांचे, पावसाचे, ब्रह्मदेशात राहिलेल्या सोबत्यांचे बोलत बसले. कोणालाही एकदासुद्धा "काय म्हनलास?" असे विचारावे लागले नाही.