कोपऱ्याचा खांब

क्लेम सुताराने कोपऱ्यातल्या ओकच्या खांबात पेचकस टोचला. भिजलेल्या केकमध्ये जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"भिंतीला सिमेंट कुणी लावलंय?"

"आधीच्या लोकांनी असेल," मी म्हणाले.

आधीच्या लोकांपैकी ॲव्हिसबाई तिथेच चहा पीत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. हे घर गावचा पब होतं तेव्हा चाळीस वर्षं त्या मालकीणबाई होत्या. नव्याने शाकारलेलं छप्पर बघायला मीच त्यांना बोलावलं होतं. त्या समोर आहेत हे विसरले, असंही नाही. जीभ सरावली होती. ॲव्हिसबाईंनी घर कुजवलं, हे मी गावच्या दुकानात दोन वर्षं सांगत आले होते.

सिमेंट माझं होतं. लाकडी चौकटींमध्ये काटक्या-मातीचा कूड होता, त्यावरचा गिलावा दर हिवाळ्यात झडायचा. मी पुस्तकं वाचून थापी धरायला शिकले, सगळ्या फटी बुजवल्या, वरून प्लास्टिकचा रंग दिला. फार छान दिसत होतं. आत शिरलेल्या पावसाला बाहेर पडायला वाट उरली नाही, एवढंच.

ॲव्हिसबाईंनी कप खाली ठेवला. "आमचंच असेल रे, क्लेम. आमचे हे कुठे काय थापायचे, त्यांनाच आठवायचं नाही."

"काहीतरीच. तेव्हा सिमेंट नव्हतंच, दर मे महिन्यात अख्खं गाव इथे चुना मारायला यायचं. दोन पाइंट बिअर फुकट म्हणून मीपण."

"तू दोनवर कधी थांबलास?"

दोघं हसले. क्लेम माझ्याकडे बघत नव्हता. तो मुद्दाम बघत नव्हता.

"सिमेंट मी लावलं," मी म्हणाले.

"ठाऊक आहे, पोरी. मी रोज इथूनच जाते. तुला थापताना बघितलंय."

"आणि मी दुकानात जे बोलले—"

"तेही दुकानातच कळलं."

क्लेमने घसा खाकरला. "खालचा चार फूट खांब कापून नवा ओक जोडावा लागेल. त्याआधी सिमेंट सगळं उतरवायचं. ते कोण करणार?"

"मी."

"हळूहळू कर," ॲव्हिसबाई म्हणाल्या. "कूड सांभाळ. आणि दुकानात शनिवारी सकाळी जा. तेव्हा गर्दी असते."

मग त्यांनी कप पुढे केला. चहा गार झाला होता.