रिकाम्या जागेवरचा आवाज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर ध्वनीबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे मखमलीच्या कापडावर एक जुना रेडिओ होता. रेडिओचा काटा अशा जागी ठेवलेला, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही. संध्याकाळ झाली की त्या रिकाम्या जागेवरून आवाज यायचा. तोंडात पाणी धरून कुणी बोलावं, तसा. चढउतार माणसाचे, पण शब्द एकही कळत नाही. शब्द कळायला बाबा होतेच.

"शांत! आत्मा आला," बाबा डोळे मिटून म्हणाले. "समुद्रातून बोलतोय. म्हणतो, मी परत येतोय. माझ्या माणसानं अन्न सोडून माझी वाट मोकळी करावी."

पहिल्या रांगेत माझी ताई बसली होती. भावोजींची मासेमारीची बोट वादळात बेपत्ता झाली आणि बाबांच्या शब्दाखातर ताई नुसत्या पाण्यावर राहू लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हृदयाचे ठोके चुकायला लागलेत. आता खाल्लं नाही, तर मी काही करू शकणार नाही."

मी तरी काय करणार होते? मी पॉलिटेक्निकमध्ये रेडिओ शिकवते. लोकांची मुलं माझं ऐकतात, सख्खी बहीण ऐकत नाही.

तो आवाज मात्र मी ओळखला. दूरच्या बोटींशी बोलताना सिंगल साइडबँड पद्धत वापरतात. तिच्यात आवाज वाहून नेणारी मूळ लहर गाळून टाकतात, सगळी ताकद बोलण्यावर खर्च व्हावी म्हणून. ऐकणाऱ्या सेटने ती लहर आपल्या पदरची घालायची असते. साध्या रेडिओला ते जमत नाही, म्हणून त्यात माणूस पाण्यात बुडून बोलल्यासारखा वाटतो. असं बोलणारं गावात एकच ठिकाण होतं, बंदरावरचं रेडिओ केंद्र. पण केंद्राची जागा रेडिओच्या पट्टीवर शेजारी होती. मग त्याचा आवाज रिकाम्या जागेवर कसा सांडत होता?

केंद्रात गेले तर तिथले ऑपरेटर, ज्यांना सगळं गाव काका म्हणतं, नेहमीसारखे बोटींना हवामान सांगत होते. सगळ्यात शेवटी त्यांनी भावोजींच्या बोटीला हाक मारली. थांबले. पुन्हा मारली. काका आणि भावोजी लहानपणापासूनचे दोस्त. ट्रान्समीटरचं आवाजाचं बटण त्यांनी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं.

"काका, हे काय?"

"अगं पोरी, जोरात ओरडल्याशिवाय त्याला ऐकू कसं जाईल?"

मी ट्रान्समीटरला साधी चाचणी लावली. एका डबीतून दोन शिट्ट्या एकदम आत सोडायच्या. यंत्र सरळ चालत असेल तर बाहेरही त्या दोनच पडतात आणि लहर दाखवणाऱ्या पडद्यावर गोल, गुळगुळीत फुगे दिसतात. यंत्रावर कुवतीपेक्षा जास्त भार घातला, तर फुग्यांची डोकी सपाट कापली जातात आणि कुणी न सोडलेले नवेच सूर जन्मून शेजारच्या जागी सांडतात. काकांचे फुगे तर कुणी सुरीने कापल्यासारखे सपाट होते.

"म्हणजे त्या बाबाच्या डबड्यात माझीच हाक जाते?" काकांनी माइक खाली ठेवला.

"जाते. उद्या फक्त एकदा जाऊ द्या. पण तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. डबी बोलेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात रेडिओतून घोगरा हुंदका आला. थांबला, पुन्हा आला. बाबा डोलायला लागले. "रडतोय! म्हणतो, मला किनारा दिसला. म्हणतो, बायकोने अजून थोडं सोसावं."

"नीट ऐकलंत ना, बाबा?" मी उभी राहिले.

"अक्षर न् अक्षर!"

मी फोन लावून स्पीकर चालू केला. "काका, तिकडे कोण बोलतंय?"

"कुणी नाही गं. डबीतल्या शिट्ट्या चालू-बंद करतोय."

"बंद करा." रेडिओ गप्प झाला. "सोडा." आत्मा रडू लागला. "आता शिट्ट्या तशाच ठेवून बटण मागे घ्या." फोनवर पलीकडच्या शिट्ट्या ऐकू येतच होत्या, आणि इकडे आत्मा विरून गेला.

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी रेडिओ काखोटीला मारला. "नास्तिक पाऊल पडलं की आत्मा रुसतो," म्हणत ते मागच्या दाराने सटकले. निम्मी गर्दी त्यांच्या मागोमाग धावली. एक आजी मला म्हणाल्या, "माझा गेलेला मुलगा कालच बोलायला लागला होता गं. तुला काय मिळालं?"

ताई जागेवरून हलली नव्हती. "तू त्यांचा आवाज बंद केलास," ती म्हणाली.

मी तिला धरून केंद्रात नेलं. काकांनी तिच्या डोळ्यांदेखत हाक मारली, आता स्वच्छ आवाजात. ताईने त्यांचा हात धरला. "बटण पुढे करा ना, भाऊजी. एवढ्या हळू हाकेनं त्यांना काय ऐकू येणार?"

"पुढे केलं तर आवाज लांब जात नाही, वहिनी. नुसता फाटतो. फाटलेली हाक त्याला कळणार नाही."

आम्ही तिघं ऐकत बसलो. नुसती खरखर येत होती, दुसरं काही नाही. ताई खूप रडली. मग मी दुधाचा पेला तिच्या ओठांना लावला. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"उद्या पुन्हा हाक माराल ना?" तिने काकांना विचारलं.

बाबांनी खोटं बोलून तिला नवरा परत दिला होता, आणि मी खरं बोलून एक घोट दूध पाजलं. तराजूत कुणाचं पारडं जड आहे, ते मला दिसतंय. तरीही तुम्हाला हात जोडून सांगते, रिकाम्या जागेवरून आवाज आला, तर तो काय म्हणतो हे कुणाला विचारायला जाऊ नका. तो कुठून येतो ते शोधा. आणि तो ऐकून कुणी तुमच्या माणसाला उपाशी ठेवत असेल, तर आधी त्याला जेवू घाला.