नॉर्वल नेहमी पुढे का चालायचा

माझा धाकटा भाऊ नॉर्वल डोंगरात बायकोच्या पुढेच चालतो. पुढे जाऊन सावली गाठायची, बसायचं, पाणी प्यायचं, आणि ग्लेनिस धापा टाकत पोहोचली की, "आलीस? चल, निघू." म्हणजे विश्रांती त्याची होते, ती बिचारी तशीच पुढे. लग्न झाल्यापासून हे असंच.

गेल्या जुलैत आम्ही तिघं कॅराव्हॅन घेऊन आमच्या वायाला गावाहून वर, उत्तरेकडच्या वाळवंटात गेलो. दरीच्या काठाकाठानं जाणारी वाट सकाळीच धरली. पहिल्या चढणीवरच नॉर्वल दिसेनासा झाला. वर पोहोचलो तर साहेब दरीकडे पाठ करून, खडकाकडे तोंड करून बसलेले. आम्हाला बघताच उठले.

"अरे, खाली बघ तरी जरा," मी म्हटलं.

"बघितलं. लाल आहे," म्हणत तो चालूही लागला.

पुढच्या टेकाडावर पुन्हा तेच. त्यानंतर एका वळणाअलीकडे ग्लेनिसनं पाठीवरची पिशवी उतरवली आणि ऐसपैस बसत मला म्हणाली,

"व्हर्ना, थर्मास काढ. आज मी त्याला गाठणारच नाही."

"तो तिकडे थांबेल ना गं."

"थांबू दे. थांबायची चांगली सवय आहे त्याला."

माश्या हाकलत आम्ही चहा प्यायलो, फ्रूटकेक खाल्ला. थोड्या वेळानं हाक आली, "ग्लेऽनिस! कुठे अडकलीस?" दरीनंही तिला तेच विचारलं, दोन-तीनदा.

"चहा पितेय!" दरीनं हेही सगळ्यांना सांगितलं.

"आत्ता? इथे?"

"मग काय, घरी जाऊन पिऊ?"

तेवढ्यात समोरच्या कड्यावरून कुणीतरी अनोळखी माणूस ओरडला, "अहो दादा, पिऊ द्या की त्यांना चहा!" तिकडे टाळ्याही वाजल्या.

आम्ही दुसरा कप ओतला. नंतर आवाज आला तो अगदी बारीक. "ग्लेनिस, ये ना गं."

"आता लाडीगोडी," ग्लेनिस म्हणाली. पण कप खाली ठेवून उठली.

वळणापलीकडे नॉर्वल वाटेवरच बसला होता. दोन्ही तळवे खडकाला चिकटलेले, चेहरा राखेसारखा.

"पाय मुरगळला?"

"नाही. तुला बघायला मागे वळलो, आणि खाली दिसलं."

"खाली दरी आहे नॉर्व. ती बघायलाच आलोय आपण."

"तुम्ही आलाय. मी कधीच बघत नाही. भरभर चाललं की संपतं एकदाचं."

ग्लेनिस त्याच्याशेजारी मटकन बसली. "फ्लिंडर्सच्या डोंगरातसुद्धा?"

"सगळीकडेच."

"मग बोलला का नाहीस रे, मूर्खा?"

"तुला आवडतं ना डोंगरात."

इतकी वर्षं साठवलेले टोमणे तिच्या तोंडाशी आले असणार. एकही उपयोगाचा उरला नव्हता. मलाही आठवलं, लहानपणी हा पाण्याच्या टाकीवर चढायचा नाही, आणि आम्ही भावंडं त्याला आळशी म्हणायचो.

मग ग्लेनिस काठाच्या बाजूला झाली, त्याचा हात घट्ट धरला आणि निघाली. "डावा पाय. आता उजवा. डोळे माझ्या बुटांवर." मुंगीच्या पावलांनी का होईना, दोघं बरोबर चालत होते. समोरून आलेल्या दोन तरुण मुली थबकल्या. "किती गोड! या वयातही हात सोडवत नाही!" त्यांनी फोटोही काढला. नॉर्वलनं डोळे मिटूनच मान हलवली.

खाली गाडीपाशी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"कशी होती गं दरी?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? मी तुझी पावलं सांभाळत होते!"

शेवटी मीच त्या दोघांना सांगत बसले. तळाशी पांढऱ्या बुंध्यांची झाडं, त्यांच्यामधलं काळं पाणी, ऊन सरकेल तसा बदलणारा समोरचा कडा. नॉर्वल मन लावून ऐकत होता. पाण्यात बदकं होती का, हेसुद्धा त्यानं विचारलं.

"पुढच्या वर्षी सपाटीवर कुठेतरी जाऊ," ग्लेनिस म्हणाली.

"छे!" नॉर्वल म्हणाला. "सपाटीवर काय बघायचं असतं?"