बाकी शंभर

"पोरी, दुसऱ्याची चूक दिसली तरी लगेच बोट ठेवू नये, आधी त्याचा घास गिळून होऊ द्यावा," असं आत्या तिचे केस विंचरता विंचरता सांगायची. मास्तरांच्या बायकोनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. मास्तरांना घास गिळायला तिनं पंधरा वर्षं दिली.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी आधी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग बायकोला भांडी घासायची शास्त्रशुद्ध पद्धत समजावली. ती माहेरी जायच्या बेतात होती, तेवढ्यात त्यांना एक संख्या भेटली: १२३४५६७८९०१. हात धरून ओळीत चाललेली पोरंच जशी. ही कुणानंच भागली जाणार नाही, मूळ संख्या आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. आता सिद्ध करायचं, तर एक लाख अकरा हजार एकशे अकरापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायला हवं. म्हणजे सुमारे साडेदहा हजार भागाकार. गणकयंत्र हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, पण मास्तर यंत्राला आळशी म्हणत. रोज दोन भागाकार ते कच्च्या कागदावर करत आणि ती सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेई.

तिसऱ्याच महिन्यात आठशे सत्तावन्नाची पाळी आली. मास्तरांनी ७९७० मधून ७७१३ वजा केले आणि २६७ लिहिले. हातच्यापायी ज्यांनी दोन पिढ्यांचे कान पिळले, ते स्वतःच हातचा विसरले. बाकी आली शंभर. उतरवताना तिनं वजाबाकी पडताळली: २५७. म्हणजे पुढं बाकी शून्य. संख्या भागली, खेळ खलास. तिनं निमूट शंभर लिहिलं आणि विचारलं, "पुढची कोणती?"

त्यानंतरचे दहा हजार भागाकार मात्र मास्तरांनी अगदी बिनचूक केले.

आता शाळेनं त्यांचा गौरव म्हणून ती संख्या दाराशी उभारायच्या दगडात कोरायचं ठरवलं होतं. पडताळणी म्हणजे मास्तरांचा अपमान, असं समितीनं एकमतानं ठरवलं. शिवाय शाळेचं यंत्र उद्घाटनापासून खोक्यातच होतं. एकदा दगड उभा राहिला की गणिताची हौस असलेलं पहिलंच पोर मास्तरांचं गावभर हसं करणार, हे तिला दिसत होतं.

पाथरवटानं आकडे कोरून झाल्यावर घाम पुसला. "मास्तर, आता 'मूळ संख्या' घालू ना? बघा हं, माझ्याकडे खोडरबर नाही."

"घाल रे बिनधास्त. हिला भागणारा अजून जन्मायचाय."

"जन्मलाय," ती म्हणाली.

मास्तर हसले. "अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"आठशे सत्तावन्न. बाकी शंभर नाही, शून्य. हातचा विसरलात तुम्ही."

छिन्नी थांबली. मास्तरांचे ओठ हलू लागले. मनातल्या मनात वजाबाकी चालली होती. ती संपली तेव्हा ते दगडाच्या कडेवर हळूच टेकले.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, दिवसातनं दोनदा तुम्ही कागद घेऊन माझ्याशेजारी बसायचात. त्याआधी सबंध संसारात तुम्ही मला काही दाखवायला कधी आला नव्हतात."