केळीच्या पानातली बुरशी

नवं मध्यप्रदेश राज्य झालं त्या हिवाळ्यात बऱ्हाणपूरच्या कॉलेजातले अनंतराव कोणाशी धड बोलत नव्हते. कारण होत्या निर्मलाबाई.

जंतू मारणारी बुरशी सापडावी म्हणून अनंतराव कित्येक वर्षं तापीकाठची माती तपासत होते. हाती काही लागलं नव्हतं. नव्यानेच नोकरीला लागलेल्या निर्मलाबाईंनी मात्र जवळच्या दापोरा गावाहून केळीचं निरोगी पान आणलं, वरचे जंतू मरावेत म्हणून स्पिरिटनं धुतलं आणि कापून काचेच्या बशीत, बुरशी वाढेल अशा खळीवर ठेवलं. कापलेल्या कडेतून राखाडी बुरशी उगवली. तिच्याशेजारी गळवाच्या पुवातले जंतू पेरले, तर बुरशीभोवती स्वच्छ कडं राहिलं. तिथे जंतू वाढलेच नाहीत.

सकाळी बश्यांचं कपाट उघडलं तेव्हा ते कडं आधी अनंतरावांनीच पाहिलं. त्यांचा जळफळाट झाला.

बुरशी पानाच्या आत कुठली राहते, हवेतून पडली असेल, असं त्यांनी प्रिन्सिपलांच्या कानावर घातलं. सागरच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक हे काम पाहायला येणार होते. फजिती नको म्हणून प्रिन्सिपलांनी प्रयोग पुन्हा करायला लावला.

बाई रागावल्या नाहीत. एका बशीवर त्यांनी धुतलेलं पान नुसतं दाबून उचललं. दुसरी बशी काम चाललं तेवढा वेळ रिकामीच उघडी ठेवली. तिसरीत कापलेलं पान ठेवलं. मग कपाटाची किल्ली अनंतरावांच्याच हाती दिली.

काही दिवसांनी पहिल्या दोन बश्या कोऱ्याच निघाल्या. अनंतरावांनी भिंग लावून त्यांत एखादा ठिपका शोधून शोधून पाहिला. नव्हता. म्हणजे बुरशी पानावरून आली नव्हती, हवेतूनही नाही. तिसरीत मात्र राखाडी बुरशी होती. जंतू पेरल्यावर तिच्याभोवती पुन्हा तसंच कडं राहिलं.

"तुम्ही शंका काढली म्हणून काम पक्कं झालं," बाई म्हणाल्या. "लेखात तुमचं नाव घालते."

"लेखक म्हणून, की आभारात?"

"आभारात," बाई म्हणाल्या.

अनंतरावांनी नको म्हणून सांगितलं. प्राध्यापकांनी हे कोणाचं काम म्हणून विचारलं, तेव्हा "बाईंचं" एवढंच म्हणून अनंतराव भिंग पुसायला लागले.

पुढच्या रविवारी ते सायकलवर फोपनार गावाला गेले आणि कडुलिंबाच्या डहाळ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. प्रयोगशाळेत बाई होत्याच. त्यांनी फडक्याकडे पाहिलं आणि स्पिरिटची बाटली अनंतरावांच्या बाजूला सरकवली.

मेहरबानी केल्यासारखी ती बाटली अनंतरावांना टोचली. तरी त्यांनी ती उघडली, आणि कडुलिंबाची पानं बाईंसारखीच धुवायला घेतली.