तारेवरचा कापूस

लीलाधरला सगळ्या दुनियेचा संशय, त्यातही कडूकाकाचा जरा जास्तच.

दापोऱ्याजवळ तापीच्या दोन्ही काठांना बारीक तारांच्या पिळाची जाड लोखंडी तार ताणलेली आहे. ती हातानं ओढत नाव पलीकडे न्यायची. काकाच्या बापानं ती तार गिरणीच्या भंगारातून आणली होती. त्याआधी अंबाडीचा दोर होता, दर पुरात वाहून जायचा. मागच्या वर्षी पंचायतीनं काकाच्या हातून नाव काढून पुतण्याला, म्हणजे लीलाधरला दिली आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

तेव्हापासून तारेवर कापूस दिसू लागला. आज इथं पुंजका, आठवड्यानं तिथं, तोही भर धारेवर.

"उडून आला असेल," बायको प्रतिभा म्हणाली.

"उडालेला कापूस असा घट्ट बसते का? करणी आहे ही!"

एका पहाटे त्यानं स्वतःच पाहिलं. म्हातारा नावेत उभा राहून मुठीतला कापूस तारेवरून फिरवत होता. झालं, सोक्षमोक्ष लागला! लीलाधरनं त्याच दिवशी सगळे पुंजके उपटले, तार राखेनं घासली, गोमूत्र शिंपडलं, वर काळंभोर ग्रीस चोपडलं. हाताला काटे टोचले, तेही त्यानं करणीतच धरले. पुन्हा कापूस दिसला नाही. म्हाताऱ्याची जिरवली म्हणून गडी भलताच खूश होता.

गेल्या आठवड्यात तापी फुगलेली असताना काका स्वतः घाटावर आला, सोबत रंभाकाकू. शाहपूरच्या बाजाराला निघालेल्या बाया आधीच बसल्या होत्या, प्रतिभाही होती. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे, या विचारानं लीलाधरचं डोकं भणभणलं. पण नाही कसं म्हणणार?

मध्यावर तार करकरली. तेव्हा काका बोलला.

"नवी तार टाकली, चांगलं केलं."

"कोण म्हणलं?"

"कोण कायले म्हणते? पिळातली बारीक तार जिथं तुटली तिथं फिरवलेला कापूस अडकते. तो मी तसाच ठेवत होतो, तुले दिसावा म्हणून. बोलणं तं बंद होतं आपलं. मंग काठावरून पाहिलं, एक बी पुंजका नाही, तार काळी चमकते. म्हटलं, पोरानं बदलली. म्हणून तं हिले घेऊन बसलो."

लीलाधरनं हातातल्या काळ्या तारेकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःचीच भीती वाटली.

"काका," तो हळूच म्हणाला, "तार तीच आहे. कापूस मी उपटून फेकला."

काकानं मागचा काठ पाहिला, पुढचा पाहिला. मग काकूचा हात सोडून उठला आणि लीलाधरच्या शेजारी तार धरली.

"बायांना सांगू नको," तो म्हणाला. "हळू ओढ."