शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

पुलाचा चढ सुरू झाला आणि गाडी पुन्हा मंदावली. तिने गिअर खाली घेतला. मागचा ट्रक आरशात मोठा होत गेला, ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, आणि चढाच्या मध्यावर एक गचका खाऊन इंजिन बंद पडलं. तिने हातब्रेक ओढला. मग समोर बघण्याऐवजी तिने शेजारी, खाली, बाबांच्या पायांकडे बघितलं.

बाबांचा बूट त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता. चवडा पार आत गेला होता.

"तुम्ही दाबलात," ती म्हणाली.

"समोर बघ."

"बाबा, तुमचा पाय कुठे आहे ते बघा."

बाबांनी पाय मागे घेतला, सीटखाली सारला, आणि खिडकीची काच थोडी खाली केली. "समोर बघ म्हटलं ना. लोक खोळंबलेत."

तिने गाडी सुरू केली, पूल कसाबसा ओलांडला, पलीकडच्या चौकात वळसा घेतला आणि परत फिरली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मधून एक सळई जाते. शिकणारा घाबरला, चुकला, की शिकवणारा आपल्या बाजूने दाबतो आणि गाडी थांबते. हे तिला अक्षरओळख होण्याआधीपासून माहीत होतं. गावात बाबांना त्यांच्या पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत. रस्त्यावर कुत्रं यायच्या आधी मास्तरांच्या पायाला कळतं, असं शिकून गेलेली पोरं सांगत आणि हसत. आई तर सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही त्यांना टोकायची, "अहो, पाय आवरा. ती गाडी टीव्हीतली आहे."

घराचा एक नियम होता आणि तो बाबांचाच होता. या घरातलं मूल गाडी शिकेल, परवाना हातात घेईल, आणि मगच शिकायला बाहेरगावी जाईल. दादा पहिल्याच फटक्यात पास झाला आणि गेला. आता तिची पाळी होती. बारावीचा निकाल चांगला लागला, पुलापलीकडच्या रस्त्याने दिवसभराच्या अंतरावर असलेल्या शहरातल्या कॉलेजात नाव लागलं, आणि ती परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर बसले होते. बाबा नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी. पुलाच्या चढावर गाडी थांबली. साहेब उतरताना बाबांना म्हणाले, "मास्तर, हात चांगला आहे पोरीचा. पण ही मधेच थांबते."

पुन्हा परीक्षा येत्या गुरुवारी होती. त्यानंतरच्या सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. गुरुवारी परत नापास झाली, तर नियम नियमच राहणार होता, आणि घरापासून चालत जाण्यासारखं जे कॉलेज होतं तिथे बाबांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

"तिथले प्राचार्य माझ्याकडेच गाडी शिकले," बाबा जेवताना म्हणाले. "असू दे म्हटलं एक जागा. आपलं काय जातं?"

"मी विचारलं होतं का?" ती म्हणाली.

"तू कशाला विचारशील? मी म्हटलं असू दे."

आईने वाढता वाढता दोघांकडे एकदा बघितलं. "ते जाऊ दे. तू काय काय न्यायचंय ते सांग. ऐन वेळी माझ्या मागे नाचू नको."

"आधी परवाना तर मिळू दे. बॅगही अजून माळ्यावरच आहे. बाबांना किती दिवस सांगतेय काढायला."

"तुला हात नाहीत का? स्टूल आहे, तू आहेस. काढ."

बॅग काढायचं काम बाबांनी अंगावर घेतलं होतं आणि बाबा ते करत नव्हते. तिच्या दृष्टीने यात सगळं आलं.

त्या दिवसापासून तिने बाबांवर नजर ठेवली. नजर ठेवायला लागल्यावर दिसण्यासारखं पुष्कळ होतं. सकाळचे दोन विद्यार्थी झाले की बाबा गाडी अंगणात आणत, तिला हाक मारत, आणि ती चपला बदलून खाली येईपर्यंत गाडीत एकटे असत. ती यायची तेव्हा ते कपडा घेऊन काच पुसत असत. काच स्वच्छच असे. तिची शिकवणी संपली की ते म्हणत, "तू जा वर, मी गाडी लावतो." गाडी तर लावलेलीच असे.

रस्त्यावरही तेच. गावातल्या गल्ल्यांमध्ये, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी बाबांचा पाय आत जाताना तिने अनेकदा पकडला. पण गाडी अडखळायची ती पुलावर. पुलावर आलं की कोणीतरी मागून धरल्यासारखी गाडी जड व्हायची.

शेवटी तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, बाबांना मी जायला नकोय."

"कोणत्या बापाला हवं असतं?"

"तसं नाही. ते मुद्दाम करतायत. पुलावर ब्रेक दाबतात. मी बघितलंय. परीक्षेच्या दिवशीही दाबला असणार."

आई भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली, पुन्हा चालू झाली. "मग त्यांना विचार."

"विचारलं. समोर बघ म्हणतात."

"मग समोर बघ," आई म्हणाली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "खरंच बघितलंस? पाय?"

"आत गेलेला. पूर्ण."

आईने चिरलेली भाजी ताटलीत लोटली आणि पुढे काही विचारलं नाही. म्हणजे आईलाही तसंच वाटतंय, असं तिने धरलं.

बुधवारी बाबांनी हाक मारली तेव्हा ती आधीच चपला घालून जिन्यात उभी होती. ती तशीच, पाय न वाजवता अंगणात आली. गाडीचं शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडं होतं आणि बाबा जमिनीवर गुडघे टेकून, डोकं आत घालून, खाली काहीतरी खटपट करत होते. शर्ट कमरेवरून वर सरकला होता. आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला.

"काय करताय?"

बाबांचं डोकं डॅशबोर्डला आपटलं. "आरसा बघत होतो."

"आरसा खाली नसतो, बाबा."

ते बाहेर आले. त्यांनी उजवी मूठ शर्टाच्या खिशात घातली आणि रिकामी करून बाहेर काढली. कपाळावर काळा डाग लागला होता. "चल बस," ते म्हणाले. "उद्या परीक्षा आहे. वेळ नको घालवू."

ती बसली. गाडी तिने गावातून नीट नेली. एका ठिकाणी सायकलवाला आडवा आला, तिने सावकाश थांबवून त्याला जाऊ दिलं. बाबांचा पाय आत गेला आणि बाहेर आला, तो तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपला. पूल दिसायला लागला तेव्हा तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

"इथे का थांबलीस?"

"खिशात काय आहे?"

"कोणाच्या?"

"बाबा."

एक ट्रक शेजारून गेला आणि गाडी हलल्यासारखी झाली. बाबांनी खिशात दोन बोटं घातली आणि तळहात तिच्यापुढे धरला. तळहातावर लोखंडी पिन होती, तेलकट, करंगळीएवढी.

ती ब्रेकमास्तरची मुलगी होती. ती कसली पिन आहे हे तिला विचारावं लागलं नाही. तिने पट्टा सोडला, आडवी वाकली आणि बाबांच्या पायाजवळचा ब्रेक हाताने दाबला. तो जोर न लावता आत गेला आणि तिथेच पडून राहिला. सळईशी त्याचा काही संबंध उरला नव्हता.

ती हळूहळू सरळ झाली.

"कधीपासून?"

"तुझी परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुझ्या वेळेपुरती काढतो. मग परत बसवतो. बाकीच्या पोरांना लागते."

"पण तुम्ही दाबता. मी रोज बघते."

"मी कुठे दाबतो? पाय दाबतो." त्यांनी पिन दुसऱ्या हातात घेतली. "इतकी वर्षं झाली. माझं ऐकतो का तो? दादाच्या वेळेला नव्हतं असं. दादाच्या वेळेला मी झोपलोसुद्धा असेन एखादवेळी."

"मग माझ्या वेळेलाच का?"

बाबा पुलाकडे बघत राहिले.

"त्या दिवशी साहेब मागे होते," ते म्हणाले. "गाडी थांबली तेव्हा मी खाली बघितलं तर माझा पाय आत. आता आधी गाडी मंदावली आणि मग मी दाबला, की मी दाबला म्हणून ती थांबली, हे मला आजही सांगता येत नाही. रात्री तुझ्या आईने विचारलं, तिलाही हेच सांगितलं. मग म्हटलं, हे बरं नाही. मुलीचं आयुष्य आहे. उद्या आपलं आपल्यालाच कळायला नको का?"

"साहेबांना सांगायचंत तेव्हाच."

"काय सांगू? पाय माझा आहे पण माहीत नाही?"

तिला हसू आलं असतं, पण आलं नाही. ती हातातल्या किल्लीकडे बघत होती. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे सोमवारचा पूल, मंगळवारचा पूल, त्याआधीच्या आठवड्यातले सगळे पूल. भोंगा वाजवणारा ट्रक. घाबरून वळसा घेऊन परत फिरणं. त्या सगळ्या वेळी शेजारचा ब्रेक असाच, हाताने ढकलला तरी आत जाणारा होता. आणि गाडी थांबत होती.

बाबा पिन बोटांत फिरवत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडी तरीही थांबते हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असणार आणि तेव्हापासून ते रोज काच पुसत आले होते.

"पिन आज बसवू का परत?" त्यांनी विचारलं. "तुला धीर वाटत असेल तर."

"नको."

तिने पट्टा लावला. किल्ली फिरवली. आरशात बघितलं, रस्ता मोकळा होऊ दिला आणि गाडी बाहेर काढली. पुलाचा चढ जवळ आला. दुसरा गिअर, तिसरा गिअर. समोरच्या बसचं मागचं दार हेलकावत होतं. बाबांनी मांडीवर हात ठेवले होते आणि ते नदीच्या बाजूला तोंड करून बसले होते, जणू नदीत त्यांना काही शोधायचं होतं.

चढाच्या मध्यावर गाडी जड झाली.

या वेळी तिने खाली बघितलं, पण शेजारी नाही. तिचा स्वतःचा पाय ॲक्सिलरेटरवरून वर उचलला गेला होता. कोणी न सांगता, हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा. तो केव्हा उचलला गेला हे तिला कळलंच नव्हतं. ती क्षणभर त्याच्याकडे परक्या माणसाच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली.

"समोर," बाबा म्हणाले. नदीकडेच बघत.

तिने समोर बघितलं आणि पाय खाली दाबला. इंजिनाचा आवाज बदलला. बस आणि त्यांच्यातलं अंतर वाढता वाढता थांबलं. पुलाचा माथा आला, गेला, उतार लागला, चौक लागला. इथे वळसा घ्यायचा असे. बाबांनी सवयीने हात वर केला, पण तिने वळणाचा दिवा लावला नाही, आणि गाडी चौक ओलांडून सरळ गेली. पुढचा रस्ता रुंद होता, दोन्ही बाजूंना गोदामं होती आणि तिने तो कधीच चालवलेला नव्हता.

खूप पुढे गेल्यावर तिने विचारलं, "हॉस्टेलवर गादी देतात, की आपली न्यावी लागते?"

इतक्या दिवसांत तिने त्या कॉलेजाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. बाबांनी खिडकीची काच वर केली आणि मगच ते म्हणाले, "दादाला विचारू. त्याला माहीत असेल."